जाहिरातीची जागा आणि संस्थेचा शब्द

लोकशिक्षण, आरोग्य, ग्राहकहित, पर्यावरण किंवा अंधश्रद्धा निर्मूलन यांसारख्या उद्दिष्टांसाठी काम करणाऱ्या संस्थांची संकेतस्थळे बहुधा तुटपुंज्या पैशांवर चालतात, आणि हा खर्च भागवण्याचा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणून त्यांतील अनेक संस्था आपल्या पानांवर जाहिरातींना जागा देतात. जागा दिल्यानंतर तेथे काय झळकेल हे मात्र बहुतेक वेळा संस्था ठरवत नाही. मग मधुमेहाविषयीचे गैरसमज दूर करणाऱ्या लेखाखाली ‘साखर कायमची घालवणाऱ्या’ चूर्णाची जाहिरात येते, सावकारी नियमनाचा कायदा समजावून सांगणाऱ्या पानावर झटपट कर्ज देणारे अ‍ॅप हजर होते, आणि भोंदूगिरीचे वाभाडे काढणाऱ्या लेखाच्या मधोमध एखाद्या वशीकरणतज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक दिसतो. अशा वेळी संस्थेच्या कार्यकारिणीने काय करावे, आणि मुळात अशी वेळ येऊ नये म्हणून आधी काय ठरवून ठेवावे, याचा विचार येथे केला आहे.

छापील नियतकालिकांच्या काळातही हा प्रश्न होता, पण त्याचे स्वरूप निराळे होते. दिवाळी अंकाचे अर्थकारण जाहिरातींवर उभे असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. तथापि त्या अंकातली प्रत्येक जाहिरात कोणीतरी ओळखीपाळखीने मिळवलेली असते, तिचा मजकूर छपाईपूर्वी संपादकाच्या नजरेखालून जातो आणि नको असलेली जाहिरात परत पाठवण्याची संधी त्याच्या हाती असते. संकेतस्थळावरच्या पहिल्या बॅनर जाहिराती, म्हणजे पानाच्या माथ्यावर पट्टीसारख्या दिसणाऱ्या जाहिराती, ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर झळकल्या, त्या वेळीही जागेचा सौदा याच जुन्या रीतीने ठरला होता. २००३ मध्ये गूगलने ‘अ‍ॅडसेन्स’ ही सेवा सुरू केली आणि हे चित्र पालटले. लहानातल्या लहान संकेतस्थळाने संगणकाला सूचना देणाऱ्या काही ओळी आपल्या पानात बसवायच्या, की पुढचे सगळे काम यंत्राकडे जाते: वाचकाने पान उघडताच त्या एका जागेसाठी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो संपतो, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात पानावर येते. जागा कोणाला विकली गेली हे संस्थेला कळत असेलच, तर ते मागाहून कळते.

हा लिलाव मुख्यतः दोन आधारांवर चालतो. पहिला आधार पानावरच्या मजकुराचा, ज्यात यंत्र पानावरचे शब्द पाहून विषय ठरवते आणि त्या विषयाशी जुळणारी जाहिरात निवडते. दुसरा आधार वाचकाचा, ज्यात त्या वाचकाने पूर्वी कोणती पाने पाहिली, काय शोधले, तो कोणत्या भागात राहतो यांवरून त्याच्या आवडीनिवडींचा अंदाज बांधला जातो; त्यासाठी त्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर साठवलेल्या खुणेच्या छोट्या नोंदी वापरल्या जातात आणि त्यांना ‘कुकी’ म्हणतात. या दोन्ही आधारांतून संस्थांपुढे दोन वेगळ्या अडचणी उभ्या राहतात आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या नाहीत, तर उपायही चुकतो.

पहिली अडचण अशी की यंत्राला विषय कळतो, भूमिका सहसा कळत नाही. करणी, भानामती, मूठ मारणे, देवाचा कौल हे शब्द ज्या लेखात वारंवार येतात, तो लेख या प्रथांचे खंडन करणारा असला तरी यंत्राच्या लेखी तो त्याच बाजारपेठेचा भाग ठरतो, किंबहुना खंडन जितके सविस्तर तितके जुळणारे शब्द अधिक. (वशीकरणतज्ज्ञाच्या दृष्टीने पाहिले तर यंत्राची ही निवड चुकलेली नसतेच.) दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: जाहिरात वाचकागणिक बदलत असल्यामुळे एकच पान दोन माणसांना दोन तऱ्हांचे दिसते. संस्थेचे कार्यवाह आपल्या कार्यालयातल्या संगणकावर पान उघडतात तेव्हा त्यांना पुस्तकांची किंवा विमा योजनेची जाहिरात दिसते, आणि आजारपणाने गांजलेल्या वाचकाला त्याच जागी बुवाबाजीची दिसते. आपल्याच पानावर काय चालले आहे हे संस्थेला दिसत नाही, आणि तक्रार आल्यावर ‘आमच्याकडे तर तसे काही दिसत नाही’ असे प्रामाणिक पण निरुपयोगी उत्तर दिले जाते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा विसंगतीच्या अंगाने होते, म्हणजे संस्था बोलते एक आणि करते दुसरे, म्हणून तिचे हसे होते, असे म्हटले जाते. हसे होते हे खरे, परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे प्रश्न संस्थेच्या अब्रूपुरता मर्यादित करणे होय. खरे नुकसान वाचकाचे होते. मधुमेहाविषयीच्या पानावर येणारा वाचक बहुधा स्वतः रुग्ण असतो किंवा रुग्णाचा नातेवाईक असतो. व्यसनमुक्तीच्या पानावर व्यसनाशी झगडणारा माणूस किंवा त्याची पत्नी येते. करणीविषयीचा लेख वाचणाऱ्यांत अशी माणसे असतात ज्यांना कोणीतरी ‘तुमच्यावर करणी केली आहे’ असे नुकतेच सांगितलेले असते. संस्थेने वर्षानुवर्षांच्या कामातून मिळवलेल्या विश्वासामुळे हा वाचक तेथे येतो, आणि त्याच्या नेमक्या दुबळ्या क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट संस्था अजाणता त्यालाच नाडणाऱ्याला विकते. इतर कोणत्याही पानावर हाच जाहिरातदार दिसला असता तर तो हजारो वाटसरूंपैकी एखाद्याला गाठू शकला असता. येथे त्याला हवी असलेली माणसे निवडून, एकत्र करून दिलेली असतात. कोणती जाहिरात नाकारावी याची कसोटीही यातूनच निघते: ‘ही जाहिरात आम्हाला शोभते का?’ या प्रश्नाआधी ‘आमच्या पानावर जो वाचक येतो, त्याचे या जाहिरातीने नुकसान होईल का?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

या भूमिकेवर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांपैकी ‘जाहिरात यंत्र निवडते, संस्था नव्हे’ हा आक्षेप टिकत नाही, कारण निवडीचा अधिकार यंत्राला देण्याचा निर्णय संस्थेनेच घेतलेला असतो आणि त्याचा मोबदलाही तीच घेते. ‘वाचक सुजाण असतो’ हे विधान वाचकाविषयी आदर दाखवणारे असले, तरी ज्या संस्थेचे कामच फसवणुकीविरुद्धच्या शिक्षणाचे आहे, तिला ते करता येत नाही. वाचक सर्वकाळ सुजाण असता तर त्या संस्थेची गरजच उरली नसती. ‘वाईटाचा पैसा चांगल्या कामाला लागला तर बिघडले कोठे?’ हा तिसरा आक्षेप मात्र इतका सहज निकालात काढता येत नाही. संशयास्पद मार्गाने श्रीमंत झालेल्या माणसाने शाळेसाठी देणगी दिली तर त्या देणगीसंबंधी मतभेद होऊ शकतात, कारण तेथे नुकसान होऊन गेलेले असते आणि पैसा त्यानंतर येतो. जाहिरातीचे तसे नसते; तेथे पैसा येतो तो पुढे होणाऱ्या नुकसानीसाठी मोजलेले भाडे म्हणून, आणि वाचकाने जाहिरातीवर क्लिक केल्यावर मोबदला मिळण्याची रीत असेल, तर वाचक त्या दिशेने गेला तरच संस्थेला पैसे मिळतात.

जाहिराती नाकारण्याचा विचार संकेतस्थळांपेक्षा जुना आहे. दक्षिण आफ्रिकेत १९०३ मध्ये सुरू झालेले ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक प्रारंभी जाहिराती घेत असे. पुढे गांधीजींनी त्या बंद केल्या आणि त्याची कारणे दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवून ठेवली. जाहिराती मिळवण्यात चांगले कार्यकर्ते अडकून पडत आणि कोणती घ्यावी, कोणती नाकारावी यावर सतत खल चाले. शिवाय आक्षेपार्ह जाहिरातदार समाजातला बडा माणूस असला तर तो दुखावेल म्हणून त्याची जाहिरात घ्यावी लागे, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही पत्रे त्यांनी पुढे जाहिरातींविनाच चालवली. या निरीक्षणातला शेवटचा भाग आजच्या स्थानिक संस्थांना विशेष लागू पडतो, कारण यंत्राने निवडलेली जाहिरात काढून टाकणे एक वेळ सोपे असते, परंतु संस्थेच्या इमारतीला देणगी दिलेल्या बिल्डरची किंवा सभागृह मोफत देणाऱ्या शिक्षणसम्राटाची जाहिरात नाकारणे अवघड जाते.

अलीकडच्या काळातली उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांमध्ये आणि वृत्तपत्रांमध्ये सापडतात. ‘द लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक ज्या रीड एल्सव्हियर उद्योगसमूहाचे होते, त्याच समूहातली दुसरी कंपनी लंडनमध्ये शस्त्रास्त्रांची प्रदर्शने भरवत असे. २००५ मध्ये लॅन्सेटच्या संपादकांनी आपल्याच मालकाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि २००७ मध्ये त्या समूहाने या व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने आणि त्याच्या सहनियतकालिकांनी २०१९ मध्ये बाळांच्या पावडरच्या दुधाच्या जाहिराती घेणे थांबवले. स्तनपानाचा पुरस्कार करणारे संशोधन ज्या अंकात छापायचे, त्याच अंकात त्याला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनाची भलामण करायची, ही स्थिती तोवर वर्षानुवर्षे चालली होती. लंडनच्या ‘द गार्डियन’ने जानेवारी २०२० मध्ये तेल व वायू उत्खनन करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती बंद केल्या. गार्डियनच्या या निर्णयातला अधिक शिकण्याजोगा भाग असा की मोटारी किंवा सुट्टीतल्या सहली यांच्या जाहिराती मात्र बंद केल्या जाणार नाहीत, कारण तो आर्थिक भार वृत्तपत्राला पेलणार नाही, हेही त्याच वेळी उघडपणे सांगण्यात आले. रेषा अर्धवट ओढली म्हणून त्यावर टीका करता येईल. परंतु ती कोठे ओढली आणि का, हे वाचकाला कळले. विकिपीडियाने याहून टोकाची वाट धरली. तेथे जाहिराती घेण्याची नुसती शक्यता बोलून दाखवली गेली तेव्हा, २००२ मध्ये, स्पॅनिश विकिपीडियाच्या बऱ्याच लेखकांनी फुटून स्वतंत्र ज्ञानकोश काढला, आणि त्यानंतर हा प्रकल्प जाहिरातींविना, देणग्यांवर चालत आला आहे. स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या संस्थेत जाहिरातीचा निर्णय केवळ कोषाध्यक्षाचा नसतो, हे त्या फुटीने दाखवले.

रेषा कोठे ओढावी

नाकारण्याच्या जाहिरातींचे तीन थर मानले तर विचार सोपा होतो, मात्र तिन्ही थरांना सारखे वजन देऊ नये.

पहिला थर कायद्याने निषिद्ध असलेल्या जाहिरातींचा आहे आणि तेथे मूल्यांची चर्चा करण्याचे कारणच नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनुसूचीतल्या अनेक रोगांवर इलाजाचा दावा करणारी औषधांची जाहिरात करता येत नाही आणि ताईत, मंत्र, कवच यांना रोगनिवारक शक्ती असल्याचा दावाही करता येत नाही. महत्त्वाचे म्हणजे अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्यालाही हा कायदा लागू होतो. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची त्यात भर पडली. भविष्य सांगणे या कायद्याने सरसकट बेकायदा ठरत नाही. तथापि दैवी शक्ती असल्याचा दावा करून ताईतासारखी ‘यंत्रे’ विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि त्या दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदारी टाळता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. बाळांच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने, तंबाखूजन्य पदार्थांची २००३ च्या कायद्याने आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची २०२५ च्या कायद्याने बंद केली आहे. याशिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेली मार्गदर्शक तत्त्वे छुप्या जाहिरातींना मनाई करतात. सोडा किंवा संगीताच्या सीडीचे नाव पुढे करून त्याच नावाच्या मद्याची आठवण करून देणारी जाहिरात ती छुपी जाहिरात, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल.

यंत्राकडे बोट दाखवून कायद्यातून सुटता येते का, या प्रश्नाच्या दृष्टीने गर्भलिंगनिदानाचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा १९८८ मध्ये देशात प्रथम महाराष्ट्राने केला, त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि त्याच्या कलम २२ ने अशा चाचण्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. इंटरनेटवर या जाहिराती सुरूच राहिल्यामुळे कार्यकर्ते साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांना प्रतिवादी करून याचिका केली. २०१५ मध्ये न्यायालयाने अशा जाहिराती दाखवू नयेत असा अंतरिम आदेश दिला आणि २०१६ मध्ये या कंपन्यांनी ठरावीक शोधशब्द आपोआप रोखण्याची तयारी दाखवली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जेथे हात झटकता आले नाहीत, तेथे लहान संस्थेने यंत्राची सबब सांगू नये हे बरे.

दुसरा थर कायदेशीर पण संस्थेच्या उद्दिष्टाला थेट छेद देणाऱ्या जाहिरातींचा आहे, आणि खरा विचार येथेच करावा लागतो. संस्थेच्या घटनेत, म्हणजे तिच्या नोंदणीच्या वेळी धर्मादाय आयुक्तांकडे सादर झालेल्या दस्तऐवजात, उद्दिष्टे लिहिलेली असतात. त्यांतले प्रत्येक उद्दिष्ट समोर ठेवून ‘आमचा वाचक कोण आणि त्याला कोण नाडतो?’ असे विचारत गेले की यादी आपोआप तयार होते. ग्राहक संघटनेच्या यादीत झटपट परताव्याच्या योजना येतील, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार करणाऱ्या मंडळाच्या यादीत ज्योतिष, वास्तू आणि ग्रहांचे खडे येतील, किशोरवयीन मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत त्वचा उजळवणारी मलमे येतील. एका संस्थेची यादी दुसरीने उचलणे मात्र योग्य नाही. नदी वाचवण्यासाठी झटणाऱ्या संस्थेला वास्तुतज्ज्ञाच्या जाहिरातीपेक्षा नदीपात्रातल्या गृहप्रकल्पाची जाहिरात अधिक घातक असते.

तिसरा थर केवळ नापसंतीचा आहे. अमुक नट आवडत नाही, अमुक पक्षाची जाहिरात बघवत नाही, अंतर्वस्त्रांची जाहिरात संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशा हरकती कार्यकारिणीच्या बैठकीत आल्या तर त्या नोंदवून घ्याव्यात, पण त्यांना मूल्याचा दर्जा देताना सावध असावे. ज्येष्ठ सदस्यांची अभिरुची म्हणजेच संस्थेचे मूल्य, असा समज एकदा रूढ झाला की यादी वाढत जाते आणि तिच्यातला महत्त्वाचा भाग किरकोळ भागाखाली दबतो.

ठराव कसा असावा

हे सगळे जाहिराती सुरू करण्यापूर्वी लेखी ठरावात यायला हवे, कारण पैसा येऊ लागल्यावर ओढलेली रेषा नेहमी पैशाच्या बाजूने वळते. ठरावात नाकारायच्या जाहिरातींचे प्रकार, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे पद, वाचकाची तक्रार आल्यास किती दिवसांत कार्यवाही होईल याची मुदत आणि ठरावाचा फेरविचार करण्याची तारीख असावी. ‘संस्थेच्या मूल्यांशी विसंगत जाहिराती घेतल्या जाणार नाहीत’ हे एकच वाक्य लिहून ठराव संपवण्याचा मोह टाळावा, कारण हे वाक्य सर्वांना मान्य होते ते त्यातून कोणालाच काही कळत नाही म्हणून. त्याऐवजी ‘रोग बरा करण्याचा दावा करणारे, डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकले जाणारे कोणतेही उत्पादन’ अशी ओळखू येईल अशी वाक्यरचना असली, तर नवा कार्यकर्ताही ती वापरू शकतो. ठराव संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. तसे केल्याने संस्था टीकेला उघडी पडते हे खरे. पण बड्या देणगीदाराला नकार देताना कार्यवाहाला तोच छापील ठराव हाती लागतो.

प्रायोजित मजकुराचा उल्लेख ठरावात स्वतंत्रपणे करावा. जाहिरातदाराने पैसे देऊन लिहून घेतलेला, पण संस्थेच्या स्वतःच्या लेखासारखा दिसणारा मजकूर तो प्रायोजित मजकूर. २०१० मध्ये ‘सायन्सब्लॉग्ज’ या अमेरिकी विज्ञानविषयक संकेतस्थळाने शीतपेयांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेप्सिको कंपनीला आहारविषयक सदर चालवायला दिले तेव्हा तेथे लिहिणारे अनेक वैज्ञानिक सोडून गेले आणि ते सदर काही दिवसांतच बंद करावे लागले. २०१३ मध्ये ‘द अटलांटिक’ या मासिकाच्या संकेतस्थळावर सायंटॉलॉजी पंथाची स्तुती करणारा प्रायोजित लेख आला आणि तोही तातडीने काढून मासिकाला माफी मागावी लागली. पट्टीतली जाहिरात वाचक निदान जाहिरात म्हणून ओळखतो. लेखाचा वेष घेतलेली जाहिरात संस्थेच्याच आवाजात बोलते. ज्या संस्थेची मुख्य पुंजी विश्वासार्हता आहे, तिने असा मजकूर घेऊच नये हे उत्तम, आणि घ्यायचाच असेल तर तो प्रायोजित असल्याची सूचना लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत न देता शीर्षकाच्या वर द्यावी.

रोजची देखरेख

यंत्राद्वारे जाहिराती घेणाऱ्या सेवांमध्ये नको असलेल्या जाहिराती रोखण्याची सोय असते, परंतु अनेक संस्थांमध्ये ती कोणी उघडूनही पाहिलेली नसते, कारण संकेतस्थळ ज्या तरुणाने बनवून दिले तो केव्हाच नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो. अ‍ॅडसेन्समध्ये ज्योतिष व गूढविद्या, वजन घटवणे, झटपट श्रीमंती, औषधे व पूरके, राजकारण, धर्म असे संवेदनशील वर्ग वेगळे काढलेले असून ते बंद करता येतात. विशिष्ट जाहिरातदाराचा पत्ता घालून त्याच्या जाहिराती थांबवता येतात. आणि दाखवल्या गेलेल्या जाहिराती एका ठिकाणी पाहून त्यांतल्या निवडक काढून टाकता येतात. हे वर्गीकरणही यंत्रच करते, त्यामुळे चाळणीतून काही ना काही निसटतेच. म्हणून प्रारंभी दर आठवड्याला आणि घडी बसल्यावर महिन्यातून एकदा तपासणी करणारी व्यक्ती नेमावी.

तपासणी कार्यालयातल्या एकाच संगणकावरून केली तर ती निष्फळ ठरते, याचे कारण वर आलेच आहे. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच सदस्यांनी आपापल्या मोबाइलवर तीच पाने उघडून दिसलेल्या जाहिरातींची छायाचित्रे पाठवावीत, आणि त्यासाठी मुखपृष्ठापेक्षा रोग, कर्ज, करणी, कौटुंबिक कलह अशा नाजूक विषयांवरची पाने निवडावीत. तपासणी करताना जाहिरातीवर क्लिक मात्र करू नये. आक्षेपार्ह जाहिरातदाराला भुर्दंड बसावा म्हणून कार्यकर्त्यांनी मुद्दाम क्लिक करत राहावे, अशी सूचना उत्साहाच्या भरात कधी कधी पुढे येते; तो सेवेच्या नियमांचा भंग आहे, त्यामुळे खाते बंद होऊ शकते, आणि फसवणुकीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेने खोट्या क्लिकवर पैसे मिळवणे ही तर वेगळीच नामुष्की आहे.

सर्वांत नाजूक पानांवरून जाहिराती पूर्णपणे उठवणे हा उपाय फारसा केला जात नाही, पण सर्वांत परिणामकारक तोच आहे. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, व्यसन, असाध्य रोग यांविषयीच्या पानांत जाहिरातीच्या सूचना बसवूच नयेत, आणि मुलांसाठीच्या विभागातही बसवू नयेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. उरलेल्या पानांसाठी वाचकाचा माग न काढता केवळ पानाच्या विषयानुसार जाहिराती दाखवण्याचा पर्याय सेवेत असल्यास तो निवडावा. उत्पन्न त्याने घटते. पण वाचकागणिक बदलणारी जाहिरात बरीच स्थिर होते आणि देखरेख शक्य होते.

पैशाचा हिशेब

एवढ्या खटाटोपाने मिळते किती, याचा हिशेब अनेक संस्था मांडतच नाहीत. मराठी मजकुरावर मिळणारा दर इंग्रजीच्या मानाने साधारणतः कमी असतो. उदाहरणादाखल, महिन्याला ५०,००० वेळा पाने पाहिली जातात आणि दर हजारामागे २० रुपये मिळतात असे धरले, तर महिन्याचे १,००० आणि वर्षाचे १२,००० रुपये होतात. वर्षाला ५०० रुपये देणारे २४ वर्गणीदार मिळाले तरी तेवढीच रक्कम जमते. आपले खरे आकडे घालून हे गणित प्रत्येक संस्थेने एकदा तरी करावे. बऱ्याच ठिकाणी असे दिसून येईल की ज्या रकमेसाठी बैठकांमध्ये वाद झडतात, ती वार्षिक स्नेहसंमेलनाच्या चहापाण्यात खर्च होणाऱ्या रकमेएवढीही नसते.

कराच्या बाजूचाही विचार करावा लागतो. सर्वसाधारण लोकोपयोगाच्या उद्दिष्टाखाली प्राप्तिकराची सवलत घेणाऱ्या संस्थांच्या व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मोबदला घेऊन जाहिराती छापणे हे व्यापारी काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ‘ट्रिब्यून ट्रस्ट’ या वृत्तपत्र चालवणाऱ्या न्यासाच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. म्हणून ही रक्कम देणगीत मिसळू नये, तिचे स्वतंत्र हिशेब ठेवावेत, आणि जाहिरात सेवा देणारी कंपनी परदेशी असल्यास ही रक्कम परकीय देणगी नसून सेवेचा मोबदला आहे हे दाखवणारी कागदपत्रे आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावीत. यंत्राऐवजी थेट जाहिराती घ्यायच्या ठरल्या, तर पुस्तक प्रकाशक, स्थानिक सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, शैक्षणिक साहित्याचे विक्रेते यांच्याकडून वर्षाच्या ठरावीक दराने जाहिरात घेता येते; संपादकाची नजर आणि नकाराचा अधिकार, ही दिवाळी अंकाची जुनी सोय त्यामुळे संस्थेकडे परत येते.

जाहिराती थांबवण्याचा निर्णय झाला तरी काम तेथेच संपत नाही. सूचनांच्या ओळी पानांच्या साच्यातून काढल्या तरी पूर्वी स्वतंत्रपणे बनवलेल्या पानांत त्या राहून जातात, आणि कोणालाही पत्ता नसताना दहा वर्षांपूर्वीच्या अहवालाच्या पानावर जाहिराती चालूच राहतात. म्हणून जुनी पाने एकदा ओळीने तपासावीत आणि खाते बंद करण्यापूर्वी जमा रक्कम काढून घ्यावी. याहून मोठा धोका संकेतस्थळाच्या नावाचा आहे. हे नाव ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेले असते. नूतनीकरण चुकले की ते कोणालाही विकत घेता येते, आणि बंद पडलेल्या संस्थांची जुनी, विश्वासार्ह नावे घेऊन त्यांवर सट्ट्याची किंवा औषधविक्रीची पाने उभारणारा एक धंदाच आहे. अशा वेळी एखादा कोपराच नव्हे, तर संस्थेचे संपूर्ण नाव तिच्या विरोधकाची जाहिरात बनते. ते टाळण्यासाठी नावाची नोंदणी कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर न ठेवता संस्थेच्या नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर करून घ्यावी, शक्य तितक्या वर्षांचे शुल्क आगाऊ भरावे, परवलीचा शब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेत हिशेबतपासनिसाच्या नेमणुकीखाली दर वर्षी लिहिली जावी.